टर्मिनलमधला कीबोर्ड: कॅप्स लॉकचा कंट्रोल, बॅकस्पेसचा घोळ आणि सेटिंग नक्की कुठे करायचं?

पाणकावळा
मंडळी, डेबियन लिनक्स वापरतोय, डेस्कटॉप ग्नोम, वेलँडवर (पडद्यावरच्या विंडो दाखवणारी नवी यंत्रणा, जुनी ती एक्स). कॅप्स लॉक कधीच लागत नाही म्हणून ग्नोमच्या ट्वीक्स अॅपमध्ये जाऊन त्याचा कंट्रोल केला, ग्राफिकल टर्मिनलमध्ये झकास चालतंय. पण कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबून काळ्या कन्सोलवर गेलं की तिथे कॅप्स लॉक परत कॅप्स लॉकच. शोधल्यावर लोडकीज नावाची कमांड सापडली, ती ग्राफिकल टर्मिनलमध्ये चालवली तर म्हणते कन्सोलचा फाइल डिस्क्रिप्टर मिळत नाही. वर अजून एक त्रास, एका जुन्या सर्व्हरवर एसएसएचने (नेटवर्कवरून लॉगिन करून) गेलो की बॅकस्पेस दाबल्यावर अक्षर पुसायच्या ऐवजी ^? असं उमटतं, बाकीच्या सर्व्हरवर सगळं व्यवस्थित. या सगळ्याचं सेटिंग एकाच जागी करता येतं का? की प्रत्येक ठिकाणी वेगळं वेगळं करत बसायचं?

सांजवात
मलाही हेच विचारायचं होतं, धाग्यावर लक्ष ठेवून आहे. माझ्याकडे अजून एक, कधीकधी टर्मिनल अचानक गोठतं, काहीही टाइप केलं तरी दिसत नाही, शेवटी विंडो बंद करावी लागते. हा कीबोर्डचाच प्रकार आहे का माहीत नाही.

लोहारकाम
पाणकावळा, एक जागा नाहीये आणि हे एकदा डोक्यात बसलं की बाकी सगळं सोपं आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

तुम्ही बटण दाबता तेव्हा कीबोर्ड अक्षर पाठवत नाही, बटणाचा नंबर पाठवतो. तो स्कॅनकोड. कर्नल त्याचा कीकोड करतं, उदाहरणार्थ कॅप्स लॉक म्हणजे ५८, एस्केप म्हणजे १. इथून पुढे दोन फाटे फुटतात. काळ्या कन्सोलवर असाल तर कर्नलच्याच पोटातला कीमॅप बघून अक्षर ठरतं, आणि लोडकीज बदलते ती फक्त हा कीमॅप. ग्राफिकलमध्ये असाल तर एक्स किंवा वेलँडचा कंपोझिटर (विंडो पडद्यावर मांडणारा प्रोग्राम) कर्नलकडून कीकोड थेट उचलतो, त्याला कर्नलच्या कीमॅपशी काही देणंघेणं नसतं, तो स्वतःचा एक्सकेबी नावाचा तक्ता बघतो. त्यामुळे ट्वीक्समधलं सेटिंग कन्सोलला कळत नाही आणि लोडकीजचं ग्राफिकलला कळत नाही. तुमची तक्रार पूर्ण बरोबर आहे, दोन्ही ठिकाणी सॉफ्टवेअर ठरल्याप्रमाणेच वागतंय.

पुढे ग्राफिकलमध्ये टर्मिनलचा प्रोग्राम त्या बटणाचे बाइट करतो, ते बाइट टीटीवायकडे, म्हणजे कर्नलमधल्या टर्मिनल सांभाळणाऱ्या भागाकडे जातात, टीटीवाय त्यातले काही स्वतःच खातं, जसं बॅकस्पेस, कंट्रोल-सी, कंट्रोल-झेड, आणि उरलेले बॅश (कमांड वाचणारा शेल) नाहीतर व्हिम एडिटरला मिळतात, त्यांचे परत आपापले बाइंडिंग असतातच.

म्हणून कुठलीही सेटिंग फाइल उघडायच्या आधी बटण कुठल्या थरावर बिघडतंय ते शोधा. माझं ठाम मत आहे की नव्वद टक्के वेळ चुकीच्या थरावर बदल करण्यात जातो. काळ्या कन्सोलवर शोकी चालवा आणि बटण दाबा, कीकोड दिसेल, दहा सेकंद काही दाबलं नाही की ती आपोआप बंद होते. वेलँडमध्ये हेच काम वेव्ह ही कमांड करते, एक्समध्ये एक्सईव्ही. तिथे कॅप्स लॉकचा नंबर ६६ दिसेल, घाबरू नका, एक्सकेबीत सगळे नंबर कर्नलपेक्षा ८ ने जास्त असतात. आणि टर्मिनलमधून नक्की कुठले बाइट बाहेर पडतात ते बघायला शोकीला उणे ए, म्हणजे -ए हा ऑप्शन लावा, ही कुठल्याही टर्मिनलमध्ये चालते, बाहेर यायला कंट्रोल-डी.

सर्व्हरवर जाऊन एसटीटीवाय उणे ए (टीटीवायची सेटिंग दाखवणारी कमांड) चालवा आणि त्यात इरेज, म्हणजे पुसायच्या बटणासमोर काय लिहिलंय ते इथे सांगा.

पाणकावळा
वा, इतकं सविस्तर कुणी सांगितलं नव्हतं. बघितलं. कन्सोलवर शोकीमध्ये ५८ आलं. ग्राफिकल टर्मिनलमध्ये शोकी उणे ए, बॅकस्पेस दाबल्यावर १२७. सर्व्हरवर इरेज = ^एच दिसतंय, माझ्या मशीनवर मात्र इरेज = ^?.

लोहारकाम
सापडलं मग. बॅकस्पेसचे दोन पंथ आहेत. एक ८ पाठवतो, त्याला ^एच म्हणतात, दुसरा १२७ पाठवतो, तो ^?. तुमचं टर्मिनल १२७ पाठवतंय आणि सर्व्हर ८ ची वाट बघतोय, १२७ म्हणजे पुसायचं हे त्याला कुणी सांगितलेलंच नाही म्हणून तो ते साधं अक्षर समजून ^? असं छापतो. उलट असतं, म्हणजे टर्मिनल ८ पाठवतंय आणि पलीकडे १२७ ठरलंय, तर पडद्यावर ^एच उमटलं असतं. पडद्यावर जे उमटतं ते तुमचं टर्मिनल काय पाठवतंय हे सांगतं.

१२७ हा आकडा कागदी पट्टीच्या काळातला आहे. ७ भोकांच्या पट्टीवर चुकलेलं अक्षर खोडायचं तर सातही ठिकाणी भोकं पाडायची, सगळे बिट १ म्हणजे १२७, वाचणारं यंत्र ते सोडून द्यायचं. ८ चा मूळ अर्थ फक्त एक घर मागे सरकणं.

आता तुमच्या केसमधली गंमतीची नव्हे तर महत्त्वाची गोष्ट. एसएसएच लॉगिन होताना तुमच्याकडची एसटीटीवायची सेटिंग स्वतःच पलीकडे पाठवतं, इरेजसकट. म्हणजे सर्व्हरवर आपोआप ^? यायला हवं होतं. ते आलं नाही याचा अर्थ लॉगिन झाल्यावर तिथल्या कुठल्यातरी फाइलने ते बदललं. ईटीसी या सिस्टमच्या सेटिंगच्या फोल्डरमधली प्रोफाइल, प्रोफाइल डॉट डीमधल्या फाइल्स, तुमच्या होममधली प्रोफाइल आणि बॅशआरसी, यात एसटीटीवाय शोधा. बहुतेक कुणीतरी कधीकाळी जुन्या टर्मिनलसाठी ती ओळ टाकून ठेवलेली असणार.

आणि हे विसरू नका की एसएसएचमध्ये कीबोर्ड तुमच्या बाजूला आहे. सर्व्हरला फक्त बाइट दिसतात, बटणं दिसत नाहीत. सर्व्हरवर जाऊन कीबोर्डचा लेआउट बदलल्याने तुमच्या सेशनमध्ये शून्य फरक पडतो, बदलतो तो त्या सर्व्हरला प्रत्यक्ष जोडलेल्या कीबोर्डचा.

पाणकावळा
अचूक! ईटीसीतल्या प्रोफाइलमध्ये एसटीटीवाय इरेज ^एच अशी ओळ होती. ती फाइल बदलायची परवानगी मला नाही, मी माझ्या बॅशआरसीत काय लिहू?

लोहारकाम
एसटीटीवाय इरेज आणि पुढे अवतरणात ^?, बस. ती सगळ्यांची प्रोफाइल आधी चालते, तुमच्या होममधली नंतर, म्हणून तुमचीच ओळ टिकेल. फक्त सेशन इंटरअॅक्टिव्ह आहे का ते आधी तपासा, नाहीतर एससीपी (फाइल पाठवणारी कमांड) किंवा स्क्रिप्टमधून लॉगिन होईल तेव्हा टर्मिनलच नसल्यामुळे एसटीटीवाय एरर देईल. लॉगिन शेल बॅशआरसी वाचतंय ना तेही बघा, सहसा होममधली प्रोफाइल तिला बोलावते. विंडोजवरून पुटी वापरणाऱ्यांनी त्याच्या कीबोर्डच्या पानावर बघा, बॅकस्पेसने कंट्रोल-एच पाठवायचा की १२७ हे तिथे निवडता येतं.

आडवाट
मी थोडं वेगळं मत मांडतो. दिवसभर वेगवेगळ्या मशीनवर काम असतं, त्यातली बरीचशी दुसऱ्यांची, तिथे कॅप्स लॉकचा कंट्रोल करून ठेवणं शक्य नाही आणि एकदा बोटांना सवय लागली की दुसरीकडे प्रत्येक शब्द कॅपिटलमध्ये उमटतो. त्यामुळे मी कीबोर्डला हात लावत नाही, टर्मिनल आपल्याला आधीच काय देतं ते शिकून घेतलंय.

कंट्रोल बटण म्हणजे अक्षराच्या आस्की नंबरातून ६४ वजा. एच ७२, कंट्रोल-एच ८, म्हणजे बॅकस्पेस. आय ७३, कंट्रोल-आय ९, म्हणजे टॅब. एम ७७, कंट्रोल-एम १३, म्हणजे एंटर. उघडणारा चौकोनी कंस ९१, कंट्रोल आणि तो कंस म्हणजे २७, एस्केप. व्हिममध्ये एस्केपसाठी हात लांब न्यायला नको, हे कुठल्याही मशीनवर, कुठल्याही सर्व्हरवर, काहीही सेट न करता चालतं. पाणकावळा यांच्या त्या सर्व्हरवर कंट्रोल-एच दाबला असता तर अक्षर पुसलं गेलं असतं.

यातूनच अजून एक प्रश्न सुटतो जो लोक नेहमी विचारतात, की कंट्रोल-आय आणि टॅबला वेगवेगळी कामं का लावता येत नाहीत, किंवा कंट्रोल-शिफ्ट-ए आणि कंट्रोल-ए वेगळे का ओळखू येत नाहीत. बाहेर पडणारा बाइटच एक आहे हो. किटी टर्मिनलवाल्यांनी यासाठी नवा प्रोटोकॉल काढलाय आणि इतरही काही टर्मिनल तो पाळतात, पण आतला प्रोग्रामही तो जाणणारा हवा.

लोहारकाम
आडवाट, दुसऱ्यांच्या मशीनसाठी तुमचं म्हणणं शंभर टक्के पटलं. स्वतःच्या मशीनवर मात्र मी कंट्रोल बदलून घेईनच, करंगळी दिवसभर खाली वाकवणं मनगटाला चांगलं नाही. आणि ती जागा मुळात कंट्रोलचीच होती. १९७६ च्या एडीएम-३ए टर्मिनलवर आज कॅप्स लॉक असतो तिथे कंट्रोल होता आणि आज टॅब असतो तिथे एस्केप. बिल जॉयने व्हीआय, म्हणजे व्हिमचा पूर्वज, त्याच टर्मिनलवर लिहिला, बाणांची वेगळी बटणं नव्हती, एच जे के एल वरच बाण छापलेले होते. म्हणून व्हीआयमध्ये एस्केप इतका वापरावा लागतो, तेव्हा तो हाताशी होता.

सांजवात, तुमचं टर्मिनल गोठतं तो नक्की कंट्रोल-एस. सेव्ह करायच्या सवयीने दाबला जातो. टीटीवायला तो थांब असा इशारा आहे, जुन्या संथ यंत्रांना दम घ्यायला वेळ मिळावा म्हणून. कंट्रोल-क्यू दाबा, सगळं सुटेल आणि मधल्या काळात टाइप केलेलंही एकदम येईल, त्यामुळे गोठलेलं असताना रागाने काहीबाही टाइप करू नका. कायमचं बंद करायला बॅशआरसीत एसटीटीवाय उणे आयएक्सऑन. फायदा असा की मग बॅशमध्ये कंट्रोल-आरने मागची कमांड शोधताना पुढे निघून गेलात तर कंट्रोल-एसने परत येता येतं, एरवी ते बटण टीटीवायच गिळतं.

सांजवात
अगदी हेच होत होतं, कंट्रोल-क्यूने सुटलं. किती विंडो उगाच बंद केल्या. मनापासून आभार.

पाणकावळा
सर्व्हरचं झालं. आता कॅप्स लॉक राहिला, कन्सोल आणि ग्राफिकल दोन्हीकडे.

लोहारकाम
डेबियनवर ईटीसीतल्या डीफॉल्ट फोल्डरमध्ये कीबोर्ड नावाची फाइल आहे. तिच्यात एक्सकेबी ऑप्शन्सच्या ओळीत अवतरणात सीटीआरएल, मग अपूर्णविरामाचं चिन्ह, मग नोकॅप्स, मध्ये जागा नाही. सेव्ह करून काळ्या कन्सोलवर जा आणि सुडोने सेटअपकॉन चालवा, लगेच लागू होईल. डेबियन हीच फाइल कन्सोलसाठीही वापरतं, एक्सकेबीच्या वर्णनावरून कर्नलचा कीमॅप तयार करून घेतं. ग्नोम स्वतःचं वेगळं जपून ठेवतं, ते तुम्ही ट्वीक्समध्ये केलंच आहे, तसंच राहू द्या. वेलँडमध्ये सेटएक्सकेबीमॅपच्या नादी लागू नका, ती फक्त एक्सवेलँडमधल्या जुन्या अॅप्सपुरती.

बाकी सिस्टमडी (बूट आणि सर्व्हिस सांभाळणारा प्रोग्राम) वापरणाऱ्या बऱ्याच डिस्ट्रोंमध्ये कन्सोलचं सेटिंग ईटीसीतल्या व्हीकॉन्सोल डॉट कॉन्फमध्ये असतं, तिथे कीमॅपसमोर नाव द्यायचं. स्वतःचा छोटा कीमॅपही लिहिता येतो, मूळचा कीमॅप इन्क्लूड करायचा आणि खाली कीकोड ५८ = कंट्रोल.

लोडकीजने प्रयोग करून बघायला हरकत नाही, रीबूट केल्यावर ते उडून जातं. फक्त ती सगळ्या व्हर्च्युअल कन्सोलना एकदम लागू होते, एकट्या तुमच्या नाही. गडबड झाली तर लोडकीज उणे डी, मूळचा कीमॅप परत येतो. तेवढंही टाइप करता येत नसेल तर दुसऱ्या मशीनवरून एसएसएचने या आणि हीच कमांड मोठा सी ऑप्शन लावून डेव्हमधला टीटीवाय१ देऊन चालवा.

रानजाई
मधेच बोलते. ज्याला खरंच एकाच जागी हवंय त्याने फाटा फुटायच्या आधीच बदल करावा, म्हणजे स्कॅनकोडचा कीकोड होतो तिथेच. यूडेव्ह (जोडलेलं हार्डवेअर ओळखणारा भाग) याच्या एचडब्ल्यूडीबी या हार्डवेअरच्या यादीत फाइल टाकायची, लॅपटॉपच्या अंगच्या कीबोर्डला सहसा स्कॅनकोड ३ए, यूएसबी कीबोर्डला ७००३९, आणि समोर लेफ्टकंट्रोल. मग सिस्टमडी-एचडब्ल्यूडीबी अपडेट आणि यूडेव्हएडीएम ट्रिगर. कन्सोल, एक्स, वेलँड सगळ्यांना तो कंट्रोल म्हणूनच दिसतो. कुठलाही प्रोग्राम मागे चालत राहत नाही, म्हणून मला ही पद्धत सगळ्यात स्वच्छ वाटते.

एकच बटण, नुसतं दाबून सोडलं तर एस्केप आणि धरून ठेवलं तर कंट्रोल असं हवं असेल तर एचडब्ल्यूडीबीने होत नाही. त्याला कीडी. छोटा डेमन, म्हणजे मागे चालत राहणारा प्रोग्राम आहे, त्याच्या फाइलमध्ये कॅप्सलॉकला ओव्हरलोड लिहून कंट्रोल आणि एस्केप द्यायचं. व्हिमवाल्यांनी एकदा वापरून बघाच. हाही फाट्याच्या आधीच काम करतो त्यामुळे कन्सोलवरही चालतो.

पाणकावळा
रानजाई, हे तर मला हवं होतं अगदी तसंच! एचडब्ल्यूडीबीने सुरुवात करतो.

रात्रपाळी
एक सावधगिरीची सूचना, कारण हे वेळेवर कुणी सांगत नाही. डिस्क एनक्रिप्ट केलेली असेल तर बूट होताना पासवर्ड विचारला जातो तेव्हा तुमची रूट फाइलसिस्टम उघडलेलीच नसते, म्हणजे ईटीसीतली कुठलीच फाइल वाचता येत नाही. त्या क्षणी इनिटरॅमएफएसमध्ये (बूटच्या सुरुवातीला वापरली जाणारी छोटी फाइलसिस्टम) जो कीमॅप बांधलेला असेल तोच. अमेरिकन सोडून दुसरा लेआउट वापरत असाल, ड्व्होरॅक, जर्मन, फ्रेंच काहीही, आणि इनिटरॅमएफएस नवीन बांधला नसेल तर बरोबर पासवर्ड टाइप करूनही तो चूकच ठरतो आणि अक्षरं दिसत नसल्यामुळे कारण कळत नाही. डेबियनवर कीबोर्डची फाइल बदलली की अपडेट-इनिटरॅमएफएस उणे यू चालवा. आर्चवर कीमॅपचा हुक एनक्रिप्टच्या हुकच्या आधी हवा. आणि बूट पार्टिशनही एनक्रिप्टेड असून पासवर्ड ग्रब हा बूटलोडर विचारत असेल तर तो कर्नलच्याही आधी चालतो, मुळात अमेरिकन लेआउट धरूनच.

सोपा उपाय, दोन्ही लेआउटमध्ये एकाच जागी असलेल्या बटणांतून होणारा पासवर्ड ठेवा, लांब ठेवा. किंवा एलयूकेएसमध्ये (लिनक्सची डिस्क एनक्रिप्शनची पद्धत) पासवर्डसाठी एकापेक्षा जास्त स्लॉट असतात, तोच पासवर्ड अमेरिकन लेआउटवर टाइप केल्यासारखा दुसऱ्या स्लॉटमध्ये भरून ठेवा.

मंदगती
खूप उपयोगी धागा. मी एका हातानेच टाइप करते. ग्राफिकलमध्ये स्टिकी कीज आहेत, शिफ्ट पाच वेळा दाबला की चालू होतात, त्याने काम भागतं. पण काळ्या कन्सोलवर कंट्रोल-सी करायला एका हाताने दोन बटणं धरावी लागतात. शिवाय बटणावर बोट जरा जास्त टेकलं की अक्षर चार-पाचदा येतं. कन्सोलवर काही सोय आहे का?

लोहारकाम
मंदगती, आहे, आणि ही सोय फार कमी लोकांना माहीत आहे याचं मला खरंच वाईट वाटतं. कर्नलच्या कीमॅपमध्ये चिकट मॉडिफायर आधीपासून आहेत, नेहमीच्या नावाआधी एक एस लावायचा: एसशिफ्ट, एसकंट्रोल, एसऑल्ट. एकदा दाबून सोडायचं, पुढच्या एका बटणाला तो लागू होतो आणि उतरतो. डावा शिफ्ट कीकोड ४२, डावा कंट्रोल २९, डावा ऑल्ट ५६. एका फाइलमध्ये तीन ओळी, कीकोड ४२ = एसशिफ्ट, कीकोड २९ = एसकंट्रोल, कीकोड ५६ = एसऑल्ट, आणि ती लोडकीजला द्या. मग कंट्रोल-सी म्हणजे आधी कंट्रोल, सोडा, मग सी. उजवीकडची बटणं तशीच ठेवा, म्हणजे दुसरं कुणी बसलं तर त्यालाही वापरता येईल.

अक्षरं पुन्हा पुन्हा येण्याचं: केबीडीरेट कमांडने उशीर वाढवता येतो, उणे डी १००० दिलं की बटण पूर्ण एक सेकंद धरल्याशिवाय पुनरावृत्ती सुरू होत नाही, एरवी तो २५० मिलिसेकंद असतो. वेग उणे आरने, सेकंदाला २ ते ३० च्या मध्ये. पूर्ण बंदच करायचं तर सेटटर्मला रिपीट ऑफ, हेही कन्सोलपुरतं. यातलं काहीच रीबूटनंतर टिकत नाही, म्हणून सिस्टमडीची एक छोटी सर्व्हिस करून बूटला लावून टाका.

मंदगती
केलं, चाललं! कंट्रोल-सी एका बोटाने. इतकी साधी गोष्ट इतके दिवस माहीत नव्हती. सर्व्हिसचं आज रात्री बसून करते.

सांजवात
काळ्या कन्सोलवर देवनागरी टाइप करता येईल का पण? ग्राफिकलमध्ये करते मी, इनस्क्रिप्टने.

रानजाई
कीमॅपमध्ये युनिकोड अक्षरं देता येतात, अडतं ते पडद्यावर. कन्सोलच्या फाँटमध्ये २५६ किंवा ५१२ चिन्हंच मावतात, आणि मात्रा, जोडाक्षरं जुळवणारी यंत्रणा तिथे नाहीच, तो एका घरात एक चिन्ह मांडतो. ग्राफिकल टर्मिनलच वापरा. तिथेही प्रत्येक टर्मिनल जोडाक्षरं सारखी दाखवत नाही, काहींमध्ये कर्सर आणि अक्षराची जागा जुळत नाही, दोनतीन बघून ठरवा.

पाणकावळा
एचडब्ल्यूडीबीने कॅप्स लॉकचा कंट्रोल दोन्हीकडे झाला, ट्वीक्समधलं काढून टाकलं. शेवटचं एक. टीमक्समध्ये (एका टर्मिनलमध्ये अनेक सेशन चालवणारा प्रोग्राम) व्हिम उघडला की एस्केप दाबल्यावर क्षणभर थांबल्यासारखं होतं. आणि त्याच जुन्या सर्व्हरवर होम बटण दाबलं की ओळीच्या सुरुवातीला जायच्या ऐवजी ~ उमटतं.

आडवाट
एस्केपचं सांगतो. बाण, होम, ऑल्ट लावलेली अक्षरं, सगळ्यांची सुरुवात २७ या बाइटनेच होते. त्यामुळे नुसता २७ आला की हा एकटा एस्केप आहे की बाणाची सुरुवात हे ठरवायला टीमक्स थांबून बघतो, जुन्या आवृत्त्यांत ५०० मिलिसेकंद. त्याच्या कॉन्फमध्ये एस्केप-टाइम १० करा. व्हिममध्ये टीटाइमआउटलेन पण कमी करा, एक टी जास्त असलेला, टाइमआउटलेनला हात लावू नका, तो तुमच्या मॅपिंगसाठी आहे. नेटवर्क फारच संथ असेल तर एसएसएचवर १० कमी पडेल, बाण तुटून विचित्र अक्षरं यायला लागली तर ५० करून बघा.

लोहारकाम
आणि ~ चं: आधी त्या सर्व्हरवर कंट्रोल-व्ही दाबून मग होम दाबा, आलेला क्रम जसाच्या तसा दिसेल, ^[ आणि पुढे [१~ असा काहीतरी. ^[ म्हणजे एस्केप. तिथल्या रीडलाइनला, म्हणजे बॅशमध्ये ओळ टाइप करू देणाऱ्या भागाला, तो क्रम माहीत नाही म्हणून सुरुवातीचं गिळून शेवटचं ~ छापतं. होममधल्या इनपुटआरसीत अवतरणात उलटी तिरकी रेघ आणि ई, पुढे [१~, मग अपूर्णविरामाचं चिन्ह आणि बिगिनिंग-ऑफ-लाइन. एंड बटणासाठी तसंच [४~ आणि एंड-ऑफ-लाइन. लॉगआउट करायची गरज नाही, कंट्रोल-एक्स कंट्रोल-आर दाबलं की बॅश ती फाइल पुन्हा वाचतं. झेडशेल इनपुटआरसी बघत नाही, तिथे बाइंडकी.

ही ओळ टाकायच्या आधी टर्म व्हेरिएबलमध्ये (तिथे टर्मिनलचं नाव असतं) काय आहे ते मात्र एकदा बघा. जुन्या सर्व्हरला तुमच्या टर्मिनलचं नाव माहीत नसलं तर इनपुटआरसीत कितीही ओळी टाकल्या तरी लेस, टॉप, व्हिममध्ये त्रास चालूच राहील. तिथे इन्फोकंप (टर्मिनलची नोंद दाखवणारी कमांड) चालवून बघा, नाव सापडलं नाही असं म्हणाला तर तुमच्या मशीनवरच्या इन्फोकंपचं आउटपुट उणे एक्स लावून फाइलमध्ये घ्या, ती सर्व्हरवर न्या आणि टिक (ती नोंद बसवणारी कमांड) चालवा. होम डिरेक्टरीतच बसतं, रूटची परवानगी लागत नाही.

पाणकावळा
इन्फोकंपने खरंच नाव ओळखलं नाही. टिकने बसवलं, लेस आणि टॉप दोन्ही सुधारले. होमसाठी ती ओळ तरीही लागली, आता चालतंय. ईटीसीतल्या प्रोफाइलमधल्या ओळीबद्दल तिथल्या अॅडमिनना मेल टाकलाय, बाकीच्यांनाही त्रास होतच असणार.